नवाहो महाविद्यालय : एका अटीनंतरची शंभर वर्षे

१/ १ जून १८६८. न्यू मेक्सिकोतील फोर्ट समनर येथे अमेरिकी सरकार व नवाहो यांच्यात करार झाला. १८६४ मध्ये शेकडो मैल पायी चालवत आणून बंदिवासात ठेवलेल्या या समाजाला मायभूमीकडे परतण्याची मुभा मिळाली. त्यासोबत एक अटही आली : सहा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींना शाळेत धाडणे बंधनकारक. दर तीस मुलांमागे एक शिक्षक सरकार देणार होते.

२/ अट वरकरणी उदार होती. मात्र काय शिकवावे आणि कोणत्या भाषेत, हे ठरवण्याचा अधिकार नवाहोंना नव्हता. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियात सुरू झालेल्या कार्लाइल शाळेने पुढील निवासी शाळांना नमुना घालून दिला : केस कापणे, नावे बदलणे, मातृभाषेवर बंदी.

३/ बरोबर शंभर वर्षांनी, १९६८ मध्ये, नवाहो राष्ट्राने ‘नवाहो कम्युनिटी कॉलेज’ स्थापन केले. आदिवासी राष्ट्राने स्वतः चालवलेले अमेरिकेतील हे पहिले महाविद्यालय. नियामक मंडळ नवाहोंचे होते. जानेवारी १९६९ मध्ये पहिले वर्ग भरले ते मेनी फार्म्स येथील सरकारी निवासी शाळेच्याच वास्तूत!

४/ नवाहो भाषा व इतिहास अभ्यासक्रमात आले. परंतु खरा बदल अध्यापनाच्या रचनेत आहे. नवाहो परंपरेत ज्ञानाचा प्रवास सूर्याच्या गतीने होतो. पूर्वेला ‘नित्साहाकीस’ म्हणजे विचार, दक्षिणेला ‘नाहाता’ म्हणजे नियोजन, पश्चिमेला ‘ईना’ म्हणजे जगणे, उत्तरेला ‘सिहासिन’ म्हणजे चिंतनातून येणारा आत्मविश्वास. महाविद्यालयाचे अध्यापन याच चार टप्प्यांवर उभे आहे. विद्यार्थ्याला वर्गात शिरताना घरचे ज्ञान उंबऱ्याबाहेर ठेवावे लागत नाही.

५/ अ‍ॅरिझोनातील त्साइले येथे उभारलेल्या परिसराची मांडणीही ‘होगन’ या पारंपरिक घरासारखी वर्तुळाकार आहे. होगनचे दार नेहमी पूर्वेकडे असते.

६/ १९७१ च्या कायद्याने या महाविद्यालयाला आणि १९७८ च्या कायद्याने इतर आदिवासी महाविद्यालयांना केंद्रीय अनुदानाचा आधार मिळाला. एका प्रयोगाची अशा प्रकारे चळवळ झाली.

७/ १९९७ मध्ये संस्थेचे नाव ‘दिने कॉलेज’ झाले. ‘नवाहो’ हे इतरांनी दिलेले नाव. ‘दिने’ म्हणजे ‘लोक’, हे त्यांचे स्वतःचे. निवासी शाळांनी मुलांची नावे बदलली होती. इथे लोकांनी आपल्या शाळेला आपले नाव दिले.