मंगळवार पेठेतले दुरुस्तीचे दुकान

भारतातल्या संगणकाचा इतिहास सांगताना सहसा मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या टिफ्रॅकपासून (१९६०) सुरुवात होते आणि पुण्याच्या सी-डॅकच्या परम ८००० (१९९१) या महासंगणकापाशी आपण थांबतो. या इतिहासात दुरुस्तीची दुकाने नसतात. ती असायला हवीत असे मला वाटते.

कैलास काटकर यांचा जन्म सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचा, शिक्षण दहावीपर्यंत. वडील फिलिप्स कंपनीत नोकरीला होते. (पुण्याच्या परिसरात या कंपनीचा एक कारखाना लोणी काळभोरला होता.) शाळेच्या सुट्टीत कैलास रेडिओ आणि टेपरेकॉर्डर दुरुस्त करायला शिकले. १९८५ मध्ये कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या दुकानात त्यांना दरमहा ४०० रुपयांची नोकरी लागली. १९९० साली १५,००० रुपये घालून त्यांनी स्वतःचे दुकान थाटले. पुढे बँका-कचेऱ्यांमध्ये संगणक आले, तसे तेही काम हाती घेतले. धाकटा भाऊ संजय मॉडर्न महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकत होता.

दुरुस्तीला येणाऱ्या अनेक संगणकांत बिघाड यंत्राचा नसे, विषाणूचा असे. त्या काळात मायकेलअँजेलो नावाचा विषाणू कुप्रसिद्ध होता. १९९१ मध्ये तो प्रथम आढळला. एरवी तो गुपचूप पसरे, आणि ६ मार्चला, म्हणजे त्या शिल्पकाराच्या जन्मदिवशी, डिस्कवरची माहिती पुसून टाकी.

तो शिरे कसा, हे समजून घेण्याजोगे आहे. संगणक सुरू होताना डिस्कचा पहिला कप्पा, अवघी ५१२ बाइट्स, स्मृतीत वाचून घेतो आणि तिथे लिहिलेल्या आज्ञा निमूटपणे पाळतो. त्या कोणी लिहिल्या, हे तो विचारत नाही. मायकेलअँजेलो नेमका तिथेच मुक्काम ठोके. ड्राइव्हमध्ये विसरलेली फ्लॉपी असली, तर पडद्यावर ‘नॉन-सिस्टिम डिस्क’ असा संदेश येई आणि माणूस फ्लॉपी काढून पुन्हा संगणक सुरू करी. पण हा संदेश दाखवणाऱ्या आज्ञाही फ्लॉपीच्या पहिल्याच कप्प्यातल्या. फ्लॉपी दूषित असली, तर संदेश दिसेपर्यंत विषाणू हार्ड डिस्कवर पोचलेला असे!

मात्र मूळचा पहिला कप्पा तो नष्ट करत नसे. संगणक नेहमीसारखा चालला नाही तर संशय येणार. म्हणून मूळ मजकूर तो हार्ड डिस्कच्या पहिल्या पट्टीवरच्या सातव्या कप्प्यात हलवी, कारण ही जागा सहसा रिकामी असे. आणखी एक खूण उरे. तो स्मृतीच्या वरच्या टोकाला २,०४८ बाइट्स बळकावून बसे. त्यामुळे डॉसची चेकडिस्क ही आज्ञा दिली की एकूण स्मृती ६,५५,३६० ऐवजी ६,५३,३१२ दिसे. वजाबाकी विद्यार्थ्यांकडून करून घ्या.

म्हणजे उपायही विषाणूनेच सांगून ठेवलेला होता. स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक सुरू करायचा, सातव्या कप्प्यातला मजकूर उचलायचा आणि पहिल्यात परत ठेवायचा. बिघडलेला कॅल्क्युलेटर उघडणारा माणूसही असाच विचार करतो: कोणता भाग आपल्या जागी नाही? संजय काटकर यांनी सुरुवातीला लिहिलेल्या विषाणूनाशक आज्ञावलींत मायकेलअँजेलोवरचा इलाज होता. मोठ्या भावाच्या गिऱ्हाइकांचे संगणक ही त्यांची प्रयोगशाळाच म्हणायची. पुस्तकातला विषाणू आणि टेबलावर पडलेल्या, मालक उद्या न्यायला येणार असलेल्या संगणकातला विषाणू, यांत फरक असतो.

यातूनच १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘क्विक हील’ बाजारात आले. आज्ञावली हीही पैसे देऊन घ्यायची वस्तू आहे, हे गिऱ्हाइकांना पटवणे सोपे नव्हते. यंत्र हातात धरता येते, फ्लॉपीवरचा मजकूर दिसतसुद्धा नाही. २००७ मध्ये कंपनीने क्विक हील हेच नाव घेतले आणि २०१६ मध्ये तिच्या समभागांची शेअर बाजारात नोंदणी झाली. तोवर फ्लॉपी वापरातून गेली होती, आणि तिच्याबरोबर मायकेलअँजेलोही.