मृगाच्या तोंडावर

जूनचा पहिला आठवडा, संध्याकाळची वेळ. पुण्याजवळच्या मारुंजीतल्या एका सोसायटीच्या मागच्या भिंतीलगत तुम्ही उभे आहात. हिंजवडीकडून येणाऱ्या गाड्यांची रांग अजून ओसरलेली नाही. वळिवाची सर येऊन गेलीय. कुंपणापलीकडच्या झाडीतून दोन सुरांची शीळ येते. पहिला सूर चढा, दुसरा उतरता. जरा थांबून पुन्हा तीच.

हा नवरंग. हिवाळा दक्षिण भारतात नाहीतर श्रीलंकेत काढून विणीसाठी निघालेला. प्रवास रात्रीचा, म्हणून पुण्याच्या टेकड्यांवर, बागांमध्ये तो मे-जूनमध्ये अचानक उतरलेला दिसतो. त्याच्या पिट्टा कुळात जगभरात चाळीसच्या आसपास जाती आहेत. बहुतेक आग्नेय आशियाच्या दमट जंगलांत, काही ऑस्ट्रेलियाकडे, दोन आफ्रिकेत. बहुतेकांचं पोट जमिनीवरच्या पाचोळ्यातल्या किड्या-गांडुळांवर चालतं. पुष्कळ गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं मोठ्यांचं ऐकून गाणं शिकतात. या कुळात मात्र शीळ उपजतच येते, असं अभ्यासक मानतात. म्हणजे पिढ्यानपिढ्या फारशी न बदलणारी ही शीळ धरून तुम्हाला काळात मागे जाता येईल. चला.

साल १९७५. तुम्ही मावळात, अजिवलीच्या देवराईत उभे आहात. भेर्ली माडाचे उंच बुंधे, वेलींचं जाळं, आणि पावलाखाली इतका पाचोळा की चप्पल रुतते. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक हे अभ्यासक सह्याद्रीतल्या देवरायांवर लिहीत आहेत ते हेच दिवस. झाड तोडायचं नाही हा देवराईचा नियम सगळ्यांना ठाऊक असतो. अनेक ठिकाणी तो त्याहून कडक होता: वाळलेलं पानसुद्धा बाहेर न्यायचं नाही. मला त्या नियमाचं मोल झाडांच्या नियमाइतकंच वाटतं.

का, ते पाहायला खाली बसा. अजिबात हलू नका. दहा-बारा पावलांवर एक पान उडतं. मग दुसरं. मैनेपेक्षा लहान, आखूड शेपटीचा पक्षी चोचीत पान धरतो, बाजूला भिरकावतो आणि मान कलती करून थांबतो. डोळ्यावरून गेलेली रुंद काळी पट्टी, पांढरा गळा, बदामी पोट, हिरवी पाठ, खांद्यावर चकाकती निळाई. शेपटी हळूच खाली-वर होते तेव्हा तिच्याखालचा लाल रंग दिसतो. टुणकन दोन उड्या, चोच मातीत, आणि एक गांडूळ ताणत ताणत बाहेर येतं. एवढे रंग अंगावर असून त्या ओल्या सावलीत तो थांबला की नजरेला सापडत नाही. आता वरच्या फांदीवर जाऊन तो मान मागे टाकतो. तीच शीळ.

आणखी मागे जा. १८२८. विल्यम हेन्री साइक्स हा लष्करी अधिकारी मुंबई सरकारसाठी दख्खनची पाहणी करत फिरतोय. पिकं मोजतोय, पाऊस मोजतोय, जोडीला पक्षी जमवतोय. त्या काळी पक्षी ओळखायचा तर तो मारूनच. पोटात काय सापडलं तेही तो टिपून ठेवतो. इथल्या पक्ष्यांची त्याची यादी १८३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीपुढे जाईल. मुळशीच्या खाचरांत या दिवसांत राब भाजून झालेले असतात. त्यासाठी शेतकऱ्यांनी रानातला पालापाचोळा वेचून आणलाय; पाचोळा तेव्हाही सगळीकडे शिल्लक राहत नव्हता. ओढ्याकाठच्या गचपणात आणि देवाच्या रानात तेवढा राहिला. नवरंगही तिथेच उतरणार.

पाऊस लागला की तो पुढे जातो. कोकणात, घाटाच्या उतारांवर, मध्य भारतात, थेट हिमालयाच्या पायथ्यापर्यंत. तुम्हीही आजच्या काळात परता आणि घाट उतरून या पनवेलजवळच्या कर्नाळ्याला. १९६८ मध्ये अभयारण्य झालेलं हे जंगल नवरंगासाठी ओळखलं जातं. काटक्या, मुळं आणि पानांचं गोल घरटं, दार बाजूला. कधी जमिनीवर, कधी झुडपाच्या बेचक्यात. आत चकचकीत पांढरी, जांभळट ठिपक्यांची चार-पाच अंडी. इथे आता एक नवा त्रास आलाय. फोटोसाठी मोबाइलवर त्याचीच शीळ वाजवायची, म्हणजे दुसरा नर हद्दीत शिरला असं समजून तो धावून येतो. विणीचा पक्षी चारा सोडून मोबाइलशी भांडतो. हे थांबलंच पाहिजे.

परत मारुंजीत या. हिंजवडीत आयटी पार्क उभं राहिलं, त्यामागोमाग इथल्या शेतांत इमारती आल्या. झाडं मात्र लावली गेली. सोसायटीच्या माहितीपत्रकात तीच तर दिसतात. पण त्यांच्याखालची जमीन रोज झाडली जाते आणि पानं काळ्या पिशव्यांत भरून जातात. रात्रभर उडून दमलेल्या पक्ष्याला तिथे खायला काय मिळणार?

याच दिवसांत काचेवर आपटून नाहीतर थकून खाली बसलेला नवरंग तुम्हाला पार्किंगमध्ये सापडू शकतो. त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात, शांत जागी ठेवा. चोचीत पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. लहान मुलांच्या हाती देऊ नका. तासाभरात हुशारी आली तर झाडीजवळ खोकं उघडा. पंख लोंबत असेल तर वन खात्याला कळवा.

भिंतीपाशी झाडू घेऊन मावशी आल्यात. "मावशी, एवढा कोपरा राहू द्या ना, पानं तिथेच पडू देत."

"साप निघाला म्हणजे? मग मलाच बोलतील."

त्यांचं म्हणणं रास्त आहे. पायवाट आणि मुलांची खेळायची जागा स्वच्छच हवी. मागची भिंत ते आंब्याची रांग, जिथे कुणी जात नाही, तेवढाच पट्टा सोडायचा, आणि कमिटीकडून तसं लेखी घ्यायचं, म्हणजे बोल मावशींवर येणार नाही. रविवारी मीटिंग आहे. विषयपत्रिकेत दोन मुद्दे घाला: हा पट्टा, आणि रात्री उडणारे पक्षी दिव्यांनी भरकटू नयेत म्हणून मे-जून व परतीच्या ऑक्टोबरमध्ये रात्री दहानंतर गच्चीवरचे दिवे बंद.