तात्पर्य कोणाचे? लाल टोपड्याच्या गोष्टीचा इतिहास

गोष्ट संपली की मुलांना तिचे तात्पर्य विचारावयाचे, ही आपल्या शाळांतील फार जुनी रीत आहे. आम्हीही ती वर्षानुवर्षे पाळीत आलो. काही वर्षांपूर्वी एका वर्गाचे शिक्षक रजेवर असल्यामुळे आम्ही त्या वर्गावर गेलो आणि इंग्रजी पुस्तकांतून आपल्याकडे आलेली लाल टोपड्याच्या मुलीची गोष्ट सांगितली. आई मुलीला आजारी आजीकडे खाऊ घेऊन पाठविते. वाटेत लांडगा भेटतो, मुलगी त्याला आजीचे घर सांगते. लांडगा पुढे जाऊन आजीला गिळतो, आजीचे सोंग घेऊन नातीलाही गिळतो, आणि शेवटी शिकारी येऊन दोघींना सोडवितो. तात्पर्य विचारताच वर्ग एकमुखाने म्हणाला, ‘आईची आज्ञा मोडू नये.’ मागच्या बाकावरची एक मुलगी तेवढी उठून म्हणाली, “पण सर, लांडग्याशी बोलू नको असे आईने तिला सांगितलेच नव्हते.” आम्ही हसून तिला खाली बसविले. घरी येऊन पुस्तक उघडले, तो तिचेच म्हणणे खरे निघाले. प्रस्तुत लेखाचे निमित्त हेच.

ही गोष्ट प्रथम छापली गेली ती पॅरिस येथे, १६९७ साली. लेखक शार्ल पेरो (१६२८–१७०३) हा चौदाव्या लुईच्या कारकीर्दीतील सरकारी अधिकारी, कोल्बेर या मंत्र्याचा विश्वासू आणि फ्रेंच अकादमीचा सभासद. जुन्या काळच्या गोष्टी नीतिबोधासह सांगणारे त्याचे हे पुस्तक आठ कथांचे असून राजाच्या पुतणीला अर्पण केलेले होते. म्हणजे त्याचा पहिला वाचक शेतकरी नव्हे, मूलही नव्हे. तो दरबारी समाज होता.

पेरोच्या कथेत शिकारी नाही. लांडगा मुलीला खातो आणि कथा तेथेच संपते. पुढे पद्यात नीतिबोध येतो. त्याचा आशय असा, की देखण्या, सुकुमार मुलींनी भलत्यासलत्यांचे बोलणे ऐकू नये. सगळेच लांडगे एका जातीचे नसतात. गोडबोले आणि आर्जवी लांडगे मुलींच्या मागोमाग घरात व ‘र्‍युएल’मध्ये शिरतात आणि तेच सर्वांत घातक. ‘र्‍युएल’ या फ्रेंच शब्दाचा एक अर्थ गल्ली. दुसरा अर्थ पलंगालगतची ती जागा, जेथे त्या काळच्या प्रतिष्ठित स्त्रिया पाहुण्यांचे स्वागत करीत आणि साहित्यचर्चा रंगत. पेरोचा लांडगा रानातला राहिलेला नाही, हे या एका शब्दावरून उघड होते.

पंचतंत्र-हितोपदेशाच्या वाचकाला गद्य कथा व पद्य उपदेश ही जोडी परिचित आहे. परंतु एक भेद लक्षात घेण्यासारखा आहे. आपल्या नीतिकथांतील श्लोक बहुधा कथेतील पात्रांच्याच तोंडी येतात. त्यांवर दुसरे पात्र प्रतिश्लोकही म्हणते. पेरोचा उपदेश कथेबाहेर उभा राहून बोलतो, आणि मेलेली मुलगी त्याला उत्तर देऊ शकत नाही. गंमत अशी, की कथेच्या ओघात पेरो स्वतःच सांगून जातो, की थांबून लांडग्याचे ऐकणे धोक्याचे असते हे त्या बिचारीला ठाऊक नव्हते. आईने तिला कोणतीच सूचना दिलेली नाही. कथा म्हणते ती अजाण होती. उपदेश म्हणतो तिने ऐकावयास नको होते.

पुढे ही कथा जर्मनीत गेली. १६८५ साली फ्रान्समधील प्रॉटेस्टंट पंथीयांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेण्यात आले, तेव्हा अनेक कुटुंबे जर्मन संस्थानांत जाऊन राहिली. अशाच मूळच्या फ्रेंच घराण्याशी मातृकुलाकडून नाते असलेल्या कासेल येथील हासेनफ्लुग भगिनींकडून ग्रिम बंधूंना ही गोष्ट मिळाली आणि १८१२ साली त्यांच्या संग्रहाच्या पहिल्या खंडात सव्विसावी म्हणून छापली गेली. पेरोकडील लोण्याच्या मडक्याच्या जागी आता मद्याची बाटली आली. आई बजावते, की वाट सोडू नको, नाहीतर पडशील आणि बाटली फुटेल. शिकारी लांडग्याचे पोट कापून दोघींना बाहेर काढतो आणि मुलगी मनाशी ठरविते, की आईने मना केले असता पुन्हा वाट सोडावयाची नाही. दरबारी तरुणींना दिलेला इशारा अशा रीतीने मध्यमवर्गीय घरातील आज्ञाधारकतेचा पाठ झाला. पण येथेही आईने बाटलीची काळजी केली, लांडग्याचे नाव काढले नाही. आणि तो किती दुष्ट आहे हे मुलीला ठाऊक नव्हते, असे ग्रिमही लिहितात.

ग्रिमच्या कथेला एक शेपूट आहे. दुसऱ्या वेळी दुसरा लांडगा भेटतो. मुलगी न थांबता आजीकडे जाते, दोघी दार लावून घेतात आणि छपरावर दबा धरून बसलेल्या लांडग्याला दगडी कुंडातील पाण्याच्या वासाने भुलवून बुडवितात. बालपुस्तकांतून हा भाग सहसा गाळला जातो. मुलीने अनुभवाने शहाणे होणे आपल्या तात्पर्यात बसत नाही, असाच याचा अर्थ घ्यावा काय?

आता तिसरे रूप पाहू. फ्रान्सच्या निव्हेर्ने प्रांतात १८८५च्या सुमारास खेडुतांच्या तोंडून उतरून घेतलेले एक कथन पॉल देलारू या लोककथाभ्यासकाने विसाव्या शतकाच्या मध्यास प्रसिद्धीस आणले. ते पेरोनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी लिहिले गेले, म्हणून तेच मूळ असे ठामपणे म्हणता येणार नाही. पण त्यात लाल टोपडे नाही, आज्ञा नाही, उपदेशही नाही. लांडग्याचे रूप घेणारा एक माणूस मुलीला विचारतो, टाचण्यांच्या वाटेने जाणार की सुयांच्या? पुढे अंथरुणात तिला संशय येतो, तेव्हा ती बाहेर जाण्याची निकड सांगते. तो तिच्या पायाला दोरा बांधतो. ती तो अंगणातील झाडाला बांधून घरी पळून येते. येथे तिला वाचवावयास शिकारी लागत नाही.

पंडितांनीही या कथेत आपापले अर्थ पाहिले. एकोणिसाव्या शतकातील काहींना टोपड्यात उषा आणि लांडग्यात तिला गिळणारी रात्र दिसली. १९५१ साली एरिख फ्रॉम या मनोविश्लेषकाने लाल टोपडे हे ऋतुप्राप्तीचे चिन्ह ठरविले आणि बाटली फुटू न देण्याच्या सूचनेतही तसाच अर्थ वाचला. त्यावर इतिहासकार रॉबर्ट डार्न्टन यांनी १९८४ साली घेतलेला आक्षेप आम्हांस बिनतोड वाटतो: ज्या खुणांवर हा अर्थ उभा आहे, त्या खेडुतांच्या कथेत मुळी नाहीतच. गूढार्थ शोधू नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु कोणत्या वर्षीच्या, कोणाच्या कथेचा अर्थ आपण लावीत आहो, हे आधी सांगितले पाहिजे.

आपल्याकडील भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी येथे सहज आठवते. या दोन कथांचा काही वंशसंबंध आहे असे आम्ही म्हणत नाही. पण लेकीकडे जाताना रानात वाघ-कोल्हे भेटतात, तेव्हा ती त्यांना पुरते ओळखून असते आणि जाडजूड होऊन येण्याची थाप देऊन सुटते. निव्हेर्नेची मुलगी तिची मैत्रीण शोभेल. ही गोष्ट सांगितल्यावर आज्ञापालनाचे तात्पर्य कोणी काढीत नाही.

मुलींना रस्त्याने एकटे जावयाचे असते आणि लांडगे आजही आर्जवी असतात. अशा वेळी अजाणतेला अवज्ञेचा दोष लावणारे तात्पर्य आपण शिकवीत राहिलो, तर संकटात सापडलेली मुलगी घरी येऊन काही सांगणार नाही. आपलेच चुकले असे समजून गप्प बसेल. आम्ही ही गोष्ट अजूनही वर्गात सांगतो. मात्र तात्पर्यापूर्वी आता एक प्रश्न विचारतो: लांडग्याविषयी कोणाला ठाऊक होते, आणि त्यांनी मुलीला का सांगितले नाही? मागच्या बाकावरून पुष्कळ हात वर होतात.