वैतरणा खोरे : जमिनीतील अन्नद्रव्यांचा ऱ्हास
पालघर जिल्ह्यातील या खोऱ्यात वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबरात कोसळतो. उतारावरच्या वरकस जमिनीची सुपीक माती वाहून जाते. भातखाचरात फोकलेल्या युरियातील नत्र निचऱ्यावाटे वा वायुरूपाने निघून जाते. धूप होणाऱ्या वरकस जमिनीला विसावा मिळावा म्हणून नाचणी-वरईनंतर ती पडीक ठेवण्याची जुनी रीत शहाणपणाची होती. रोपवाटिकेत पालापाचोळा, शेण, गवत भाजून केलेला राब तण मारतो, राखेतून पालाश देतो. सेंद्रिय पदार्थ मात्र जळतात. त्यापेक्षा चारसूत्री भातशेती अधिक पटते : भाताच्या अवशेषांचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला गाडणे, नियंत्रित लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंमी. खोल युरिया-डीएपीची ब्रिकेट (दाबून केलेली गोळी) खोचणे. ती हळूहळू विरघळते आणि नत्र मुळांपाशी टिकते.