वाया गेलेलं मत?

मागच्या मासिक बैठकीत बचत गोळा झाली, प्रोसिडिंग लिहून झालं, आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुकीवरून आमच्यात चांगलीच जुंपली. दोन पॅनल, दोन्हीकडून दारू वाटली जाणार हे ठरलेलं. तिसरी आमच्यातलीच एक, पण निवडून येईल असं कुणालाच वाटेना. "तिला दिलं की मत वाया," अर्ध्याजणी म्हणाल्या. "दगडापेक्षा वीट मऊ करत किती वर्षं काढायची?" बाकीच्यांनी सुनावलं.

तेव्हा आम्ही त्यांना अमेरिकेतली १८४४ सालची निवडणूक सांगितली. (बीए करताना इतिहास घेतला होता, तो असा कामी येतो.)

तिथे दक्षिणेकडे गुलामगिरी कायदेशीर होती. बाजारात माणसं विकायची, आईपासून लेकरू तोडायचे. अध्यक्षपदाला दोन बडे उमेदवार, हेन्री क्ले आणि जेम्स पोल्क. दोघांच्याही घरी गुलाम. पोल्कला टेक्सस लगेच देशात घ्यायचं होतं, म्हणजे गुलामांच्या मालकांचं बळ आणखी वाढणार. क्ले विरोधात होता, पण प्रचारात पत्रं लिहून त्यानं शब्द फिरवला. तिसरा लिबर्टी पक्षाचा जेम्स बर्नी. हा एकेकाळी स्वतः गुलाम बाळगायचा. १८३४ साली त्यानं आपले गुलाम मोकळे केले आणि या प्रथेविरुद्धच उभा राहिला.

न्यूयॉर्क राज्यात पोल्क सुमारे ५,१०० मतांनी जिंकला. बर्नीला तिथे १५,००० हून जास्त मतं होती. त्यातला तिसरा हिस्सा क्लेला गेला असता, तर न्यूयॉर्क आणि त्याच्या जोरावर अध्यक्षपदही क्लेचं झालं असतं. १८४५ मध्ये टेक्सस देशात आलं, १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध लागलं.

पण गोष्ट इथे संपत नाही. लिबर्टी पक्षातले बरेच जण १८४८ साली फ्री सॉइल पक्षात गेले, १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, १८६० मध्ये लिंकन निवडून आले. मोठ्या यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्यानं संपली. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली आपलं 'गुलामगिरी' पुस्तक अमेरिकेतल्या त्या कामी लागलेल्या सज्जनांनाच अर्पण केलं.

या सगळ्यात बायांना मत नव्हतं. तरी त्या दारोदार फिरून अर्जांवर सह्या घेत, हातानं विणलेल्या-शिवलेल्या वस्तूंची जत्रा भरवून पैसा चळवळीला देत. अगदी आपल्या गटांच्या प्रदर्शनासारखं. देशभरच्या बायांना मताचा हक्क मिळाला तो १९२० मध्ये.

बर्नीच्या मतदारांना चुकलात म्हणायला आमची जीभ रेटत नाही. क्लेला मत देऊन ते पुन्हा गुलाम बाळगणाऱ्यालाच गादीवर बसवणार होते. हे आम्ही बोलत असताना गटातल्या सगळ्यात थोरल्या आक्कांनी विचारलं, "आन् ज्या बायांची लेकरं टेक्ससात विकली, त्यांना कुणी इचारलं का गं, क्ले की बर्नी?"

त्यावर कुणीच बोललं नाही. ठरावही झाला नाही. अर्ज भरायला अजून आठ दिवस आहेत, तोवर एक बैठक होईल.