गोधडी मंडळे: जुन्या साड्यांतून उभे राहणारे मदतकार्य

परदेशात 'क्विल्टिंग गिल्ड' नावाची मंडळे असतात. गोधड्या शिवण्याची आवड असलेले लोक, बहुतेक ठिकाणी स्त्रिया, महिन्यातून एकदोनदा एकत्र जमतात, एकमेकींकडून टाके शिकतात आणि वर्षभरात शिवलेल्या गोधड्यांपैकी काही रुग्णालये, अनाथाश्रम, आपत्तीग्रस्त कुटुंबे यांना देतात. आपल्याकडे या नावाची मंडळे फारशी नाहीत, पण काम मात्र ओळखीचे आहे. दुपारी ओटीवर चार-पाच जणी बसून गोधडीला दोरे घालत आहेत, हे दृश्य महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावाला नवे नाही. हे काम घराबाहेरच्या गरजूंसाठी कसे केले जाते, त्यात काय उपयोगी पडते आणि काय वाया जाते, हे बदलापूर परिसराच्या संदर्भात पाहू.

गोधडी म्हणजे नेमके काय?

जुन्या, धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे पदर एकावर एक ठेवून धावदोऱ्याने शिवलेले अंथरूण-पांघरूण म्हणजे गोधडी. देशावर तिला वाकळ म्हणतात. चार पदरांची ती चौघडी. कापूस भरलेली दुलई किंवा रजई वेगळी. गोधडीत कापूस नसतो, कापडावर कापडच असते.

गोधडीला आपल्याकडे गरिबीची खूण मानले गेले, तसा मानही मिळाला. संत गाडगेबाबा चिंध्यांचा वेष घालत, म्हणून लोक त्यांना 'गोधडे महाराज' आणि 'चिंधेबुवा' म्हणत. उत्तर कर्नाटकातील हल्याळ, यल्लापूर भागातल्या सिद्दी स्त्रिया शिवतात ती 'कौदी' याच कुळातली. तिच्या चार कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाची 'फुले' लावली नाहीत, तर ती उघडी राहिली असे मानतात. बंगालचा कांथा, बिहारची सुजनी आणि सिंधमधली रल्ली हीसुद्धा तिचीच भावंडे.

एका गोधडीला किती कष्ट लागतात?

पाचवारी साडी साधारण साडेपाच मीटर लांब असते. तिचे १.८ मीटरचे तीन तुकडे होतात. हे तीन पदर आणि वरून ठिगळे जोडून केलेला एक पदर मिळून एका माणसाची चौघडी तयार होते. साडीची रुंदी सुमारे ११० सेंटिमीटर असते. दर अडीच सेंटिमीटरवर टाक्यांची एक ओळ धरली, तर ४४ ओळी होतात. म्हणजे जवळजवळ ८० मीटर हातशिलाई. चार पदरांतून सुई ओढत ताशी पाच मीटर शिवून झाले असे धरले, तर एका बाईला सोळा तास लागतात. पाच जणी भोवती बसल्या, तर तेच काम एका लांब दुपारी संपते. गोधडीला मंडळ का लागते, याचे हे साधे उत्तर आहे.

या हिशेबाची दुसरी बाजूही आहे. साडी फुकट मिळाली म्हणून गोधडी फुकट होत नाही. सोळा तास कोणाचे तरी जातात. ज्या बाईला शिवणाची मजुरी मिळू शकते, तिच्याकडून 'समाजकार्य' म्हणून ते तास मागणे योग्य नाही. मंडळात दोन प्रकारच्या स्त्रिया असतील, तर हौसेने वेळ देणाऱ्या कोण आणि शिवणावर घर चालवणाऱ्या कोण, हे आधी ठरवावे. दुसऱ्या गटाला दर गोधडीमागे मजुरी द्यावी आणि ती वर्गणीतून उभी करावी.

जगात ही कामे कशी चालतात?

पहिल्या महायुद्धात अमेरिकेतील स्त्रियांनी रेड क्रॉससाठी सह्यांच्या गोधड्या केल्या. थोडे पैसे देणाऱ्याचे नाव कापडावर भरतकामाने उमटवायचे आणि जमलेला निधी मदतकार्याला द्यायचा, अशी ती पद्धत होती. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातून शिवलेल्या गोधड्या बॉम्बहल्ल्यांत घरे गमावलेल्या ब्रिटिश कुटुंबांपर्यंत पोहोचल्या. १९९५ मध्ये अमेरिकेत 'प्रोजेक्ट लायनस' सुरू झाला. आजारी किंवा संकटातल्या मुलांना हाताने केलेली पांघरुणे देणे हे त्याचे काम.

भारतात या क्षेत्रातले मोठे नाव 'गूंज' या संस्थेचे. अंशू गुप्ता यांनी ती १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केली आणि २०१५ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. शहरांतून आलेले कपडे निवडायचे, दुरुस्त करायचे आणि गावात रस्ता, विहीर, बांध अशा कामाचा मोबदला म्हणून द्यायचे, ही संस्थेची पद्धत. घालता येणार नाही अशा कापडाच्या सुजनी गोधड्या आणि मासिक पाळीसाठी सुती घड्या होतात. २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत मदत म्हणून आलेल्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते, कारण लोकांना न चालणारे कपडे पाठवले गेले होते. ते गोळा करून उपयोगात आणण्याचे काम गूंजने केले. देणाऱ्याने घेणाऱ्याला आधी विचारले नाही, तर मदतीचा कचरा होतो, हा यातला धडा.

बदलापूर परिसराची गरज

उल्हास नदीच्या काठचे बदलापूर गाव आणि आसपासची वस्ती यांना पुराची ओळख आहे. २६ जुलै २००५ चा पूर इथले लोक विसरलेले नाहीत. जुलै २०१९ मध्ये बदलापूर–वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि सुमारे हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. २०२१ च्या जुलैतही नदीचे पाणी वस्तीत आले. पुरात घरातले अंथरूण सगळ्यात आधी जाते आणि भिजलेली गादी पुन्हा वापरता येत नाही. पातळ गोधडी मात्र धुता येते.

दुसरी गरज हिवाळ्यातली. मुंबईपेक्षा बदलापुरात थंडी जास्त जाणवते. ठाणे-रायगड पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर पावसाळ्यानंतर अनेक कातकरी कुटुंबे कामाला येतात आणि उन्हाळा संपेपर्यंत भट्टीशेजारच्या झोपडीत राहतात. लहान मुले बरोबर असतात. या कुटुंबांना गोधडी हवी असते ती डिसेंबरच्या आधी. जानेवारीच्या शेवटी फोटोसह वाटलेली गोधडी उशिरा पोहोचते.

कापडाचा तोटा इथे नाही. १९४९ मध्ये सिंधी निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले शेजारचे उल्हासनगर कपड्यांच्या, विशेषतः जीन्सच्या शिवणकामासाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या कारखान्यांतून कातरण निघते. सुती कातरण ठिगळांना चालते. जीन्सचे जाड कापड मात्र हाताच्या सुईला जड जाते, त्याच्या पिशव्या आणि आसने मशिनवर करावीत. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाल्यापासून कापडी पिशव्यांना मागणी आहे. त्या विकून गोधड्यांच्या मजुरीचा खर्च काही प्रमाणात निघू शकतो.

काय शिवावे, काय टाळावे?

• पदर चारच ठेवावेत. कोकणपट्टीच्या दमट हवेत सहा-सात पदरांची गोधडी पावसाळ्यात वाळत नाही आणि तिला कुबट वास येतो.

• फक्त सुती कापड घ्यावे. चूल किंवा शेकोटीजवळ झोपणाऱ्यांसाठी नायलॉन, पॉलिस्टर धोक्याचे आहे. ते वितळून अंगाला चिकटते.

• कापड आधी गरम पाण्यात धुवावे आणि कडक उन्हात वाळवावे. जर, टिकल्या, हुक काढून टाकावेत.

• बाळंतविड्यासाठी दुपटी, टोपडी, लंगोट शिवावेत. जुनी नऊवारी यासाठी उत्तम. वर्षाच्या आतल्या बाळाला झोपवताना मात्र सैल गोधडी पांघरू नये, तोंडावर आल्यास श्वास कोंडू शकतो. हे देताना आईला सांगावे.

• रुग्णालयाला द्यायचे असल्यास तिथल्या परिचारिकेला आधी विचारावे. वॉर्डातले कापड वारंवार उकळून धुतले जाते, त्यात हातशिलाई टिकेलच असे नाही. रुग्णाबरोबर आलेल्या नातेवाइकांना अंथरूण हवे असते, हे अनेकदा विचारल्यावरच कळते.

मंडळ सुरू करायचे तर

पाच-सहा जणी, एक सतरंजी आणि आठवड्यातली एक ठरलेली दुपार एवढ्यावर सुरुवात होते. बचत गट असेल, तर हिशेबाची वही आणि बँक खाते आधीच तयार असते. वर्षाचे वेळापत्रक हंगामाप्रमाणे लावावे: मे महिन्यात कापड गोळा करून उन्हात वाळवणे, जूनपर्यंत पुरासाठी काही गोधड्या शिवून कोरड्या जागी ठेवणे, दिवाळीपर्यंत भट्ट्यांवरच्या कुटुंबांसाठी शिवणे.

वाटप करताना आधी एकदा नुसते जाऊन यावे. घरात माणसे किती, झोपायला जमीन ओली असते का, वाळत घालायला दोरी आहे का, हे पाहावे. किती गोधड्या शिवायच्या आणि केवढ्या, हे त्या भेटीनंतर ठरवता येते. भेट चुकवली, तर सोळा तासांचे काम घेणाऱ्याच्या घरी दाराबाहेरचे पायपुसणे होण्याची शक्यता असते.