सांताक्लॉज खरा आहे का? एका वृत्तपत्राला विचारलेला प्रश्न

१/
सप्टेंबर १८९७. नाताळला तीन महिने अवकाश होता. न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या दैनिकाकडे व्हर्जिनिया ओ'हॅनलन या आठ वर्षांच्या मुलीचे पत्र आले. सांताक्लॉज नसतोच, असे तिचे सवंगडी म्हणत होते. ‘सन’मध्ये छापून आले म्हणजे ते खरेच, असे वडिलांचे मत. म्हणून तिने ‘सन’लाच विचारले : खरे काय?

२/
ज्या सांताविषयी ती विचारत होती, त्याचे रूपही छापखान्यातच घडले होते. आठ रेनडिअरांची गाडी आणि धुराड्यातून उतरणे सर्वत्र रूढ केले ते १८२३ साली न्यूयॉर्क राज्यातील ट्रॉय येथील वृत्तपत्रात निनावी प्रसिद्ध झालेल्या एका कवितेने. त्याला चेहरा दिला तो १८६३ पासून ‘हार्पर्स वीकली’त चित्रे काढणाऱ्या थॉमस नास्टने.

३/
आणि ‘सन’चा शब्द? याच पत्राने ऑगस्ट १८३५ मध्ये एक लेखमाला छापली होती. खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना प्रचंड दुर्बिणीतून चंद्रावर पंख असलेली माणसे दिसली, असा तिचा दावा. सारे कपोलकल्पित, हर्शेल यांना त्याची गंधवार्ताही नव्हती. तरीही अनेक सुशिक्षित प्रौढांनी त्यावर विश्वास ठेवला.

४/
व्हर्जिनियाच्या पत्राला उत्तर लिहिण्याचे काम फ्रान्सिस चर्च यांच्याकडे आले. अमेरिकेच्या यादवी युद्धात त्यांनी वार्ताहर म्हणून काम केले होते. त्यांना स्वतःचे अपत्य नव्हते. २१ सप्टेंबर रोजी त्यांचे स्फुट निनावी प्रसिद्ध झाले. त्याच्या वरच्या जागी बिनसाखळीच्या सायकलीसारख्या विषयांवरची स्फुटे होती.

५/
चर्च यांचे उत्तर होकारार्थी होते. त्यांचा युक्तिवाद असा : तुझ्या सवंगड्यांना या संशयी युगाची बाधा झाली आहे. सांता कोणाला दिसला नाही, एवढ्याने तो नाही असे ठरत नाही. प्रेम, औदार्य, निष्ठा जशी आहेत, तसाच तोही आहे.

६/
१८३५ आणि १८९७ मधला भेद इथे आहे. चंद्राच्या लेखमालेने खोटे पुरावे रचले : शास्त्रज्ञाचे नाव, दुर्बिणीचे तपशील, निरीक्षणे. चर्च यांनी एकही साक्षीदार उभा केला नाही. त्यांनी ‘असणे’ या शब्दाचा अर्थच विस्तारला. मात्र हा विस्तार प्रौढ वाचकाला कळतो. आठ वर्षांच्या मुलीला त्यातून ‘सांता आहे’ एवढेच ऐकू आले असणार. ते उत्तर सांत्वन होते की फसवणूक, हा वाद म्हणूनच आजही मिटत नाही.

७/
१९०६ साली चर्च निवर्तले, तेव्हा लेखक कोण हे ‘सन’ने उघड केले. १९५० साली ‘सन’ दुसऱ्या दैनिकात विलीन झाले. स्फुट मात्र दर नाताळात पुनःपुन्हा छापले जाते.

८/
व्हर्जिनिया पुढे शिक्षिका झाली, मुख्याध्यापिका झाली. तिने डॉक्टरेटही मिळवली. त्या पत्राविषयी अनोळखी लोक तिला आयुष्यभर लिहीत राहिले. १९७१ साली तिचे निधन झाले. लिहिणाऱ्यांना ती उत्तर पाठवी, तेव्हा सोबत त्या स्फुटाची एक प्रत जोडत असे.